रुखवतातले काळे पापड

माझ्या शेजारणीनं आयुष्यभर लोकांना वस्तू सुचवल्या. तूप कोणतं घ्यावं, कोणता स्टोव्ह भडकत नाही, मुंग्यांना काय टाकावं, कुत्र्याच्या कानात किडे पडले तर काय घालावं, सगळं तिला ठाऊक होतं. आता ती नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते आणि चिंचवड स्टेशनापासून चालत वीस मिनिटांवर, ज्वारीच्या शेतांना लागून आमच्या बैठ्या खोल्यांची ओळ होती. समोर एक लांबलचक अंगण आणि त्याच्या टोकाला सगळ्यांत मिळून एक नळ. मी कोकणातून लग्न होऊन आले होते. ओळीच्या शेवटच्या मोठ्या खोल्यांमध्ये फोरमन राहत, आणि आमचे हे त्यांच्याच हाताखाली कामाला होते. फोरमनच्या बायकोला सगळ्या वहिनी म्हणायच्या, म्हणून मीही वहिनीच म्हणायची.

वहिनींचे यजमान आठवड्यातून एकदा पुण्याला जात. येताना नव्या वस्तूंच्या बातम्या आणत आणि कधीकधी वस्तूही आणत. दुसऱ्या दिवशी नळावर वहिनींचं व्याख्यान सुरू. लोणी कढवत बसायचे दिवस गेले, आता डब्यातलं वनस्पती तूप वापरा. चुलीनं डोळे जातात, स्टोव्ह घ्या. पितळेच्या भांड्यांना सहा महिन्यांनी कल्हई करत बसण्यापेक्षा जर्मनची घ्या. ॲल्युमिनियमला तेव्हा आम्ही सगळ्या जर्मन म्हणायचो. प्रत्येक वस्तूपाठोपाठ त्यांचं ठरलेलं वाक्य असे, "डोळे मिटून घे. मी सांगते ना." आणि आम्ही घ्यायचो. दहा घरांतल्या बायका, दहा गावांहून आलेल्या, शहर कोणीच पाहिलेलं नाही. विचारायचं तरी कोणाला?

मीही डोळे मिटून जर्मनचं मोठं पातेलं घेतलं. पहिल्याच चैत्रात त्यात पोह्यांच्या पापडांसाठी पापडखाराचं पाणी उकळलं. पाणी बघता बघता काळपट झालं. मला वाटलं हिंग जास्त पडला. पीठ भिजवलं, कुटलं, पापड लाटले, ते वाळून पाटीच्या रंगाचे झाले. आईच्या हातचे पापड सोनेरी व्हायचे. माझे बघून मलाच रडू आलं. चूक माझ्या हाताची नाही, भांड्याची, हे पुढे आईचं पत्र आलं तेव्हा कळलं. तिनं लिहिलं होतं, जर्मनमध्ये खार कधी घालू नये. तोवर मी ते सगळे पापड ओढ्यात टाकून मोकळी झाले होते, आणि लाजेपायी कोणाला बोललेही नव्हते. तो राग मी गिळला.

पुढचा मात्र मला गिळता आला नाही.

माझं मांजर होतं. माहेराहून निघताना आईनं पाटीत घालून, वर फडकं बांधून दिलेलं. बोटीत आणि आगगाडीत ते सारा वेळ ओरडत आलं होतं, आणि गाडीतली माणसं माझ्याकडे बघत होती. करडं, पांढऱ्या पोटाचं, साधंच मांजर. पण त्या ओळीत माझ्या हेल काढून बोलण्याला न हसणारं तेवढंच एक होतं. यांची रात्रपाळी असली की माझ्या पायाशी झोपायचं. मी त्याच्याशी माहेरच्यासारखं बोलायची आणि ते ऐकून घ्यायचं.

भाद्रपदात त्याला पिसवा झाल्या. सारखं खाजवत असे. मी नळावर बोलले आणि वहिनी लगबगीनं घरात जाऊन पुडी घेऊन आल्या. पांढरी पावडर होती, ढेकूण मारायची, यजमानांनी आणलेली.

"अंगभर चोळ," त्या म्हणाल्या. "पोटाखालीसुद्धा. हात आखडू नकोस. दोन दिवसांत एक पिसू दिसली तर माझं नाव बदलून ठेव."

मी चोळली. अंगभर, पोटाखालीसुद्धा. दुसऱ्या दिवशी मांजराचे पाय थरथरायला लागले. दुधाच्या वाटीपाशी जाई आणि तोंड बाजूला पडे. रात्रभर मी त्याला मांडीवर धरून बसले. सकाळी त्याला झटके येऊ लागले आणि दुपारच्या आत ते गेलं. आमच्याकडे दूध घालायला चिंचवड गावातली एक म्हातारी शेतकरीण यायची. तिनं पुडी हातात घेऊन हुंगली.

"ही ढेकणाची पावडर व्हय?" ती म्हणाली. "आगं बाई, मांजर दिसभर आंग चाटतंय. समदी प्वाटात गेली की त्याच्या. कुत्र्यामांजराला आसलं लावत न्हाईत."

हे ज्या बाईनं कधी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं तिला माहीत होतं, आणि मला माहीत नव्हतं. यांनी पाळीला जाण्याआधी शेताच्या बांधावर खड्डा खणून दिला. मी मांजर त्याच पाटीत घालून नेलं.

संध्याकाळी नळावर मी एवढंच म्हणाले, "वहिनी, ती पावडर लावली आणि मांजर गेलं." मला भांडायचं नव्हतं, खरंच. त्या नुसतं "अरेरे" म्हणाल्या असत्या तरी गोष्ट तिथं संपली असती. पण त्यांनी कळशी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता बाकीच्या बायकांना सांगितलं, "मी हिला चिमूटभर लाव म्हटलं होतं. हिनं पुडीच रिकामी केली असणार. ह्या कोकणातल्यांना कशाचा अंदाज म्हणून नसतो." बायका हसल्या. एकीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "जाऊ दे गं, मांजरच ते."

घरी येऊन मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "साहेबांची बायको आहे. तू तोंड उघडू नकोस." म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी तोंड उघडलं नाही, पण त्या संध्याकाळी मनाशी एक गोष्ट पक्की केली. या बाईला पुन्हा कोणी काही विचारता कामा नये. तिचा शब्द सगळ्यांदेखत पडला पाहिजे. मला दुसरं काही नको होतं. आणि त्यासाठी थांबायची माझी तयारी होती.

थांबण्याचं फळ संक्रांतीला मिळालं. हळदीकुंकवाला वहिनींकडे गेले होते. एरवी त्या कोणाला स्वयंपाकघरात येऊ देत नसत, पण त्या दिवशी गर्दी होती आणि मी पाणी प्यायला म्हणून आत गेले. मांडणीवर एकसुद्धा जर्मनचं भांडं नव्हतं. सगळी पितळेची, चिंच लावून लखलखीत घासलेली. शेगडीवर दूध तापत होतं. स्टोव्ह फळीवर होता, कागदात गुंडाळलेला, दुकानातून आला तसा. बरणीत तूप होतं, रवाळ, घरी कढवलेलं. मी झाकण काढून वासही घेतला. आम्हाला डब्यातलं तूप खायला लावणाऱ्या बाईच्या घरात डब्याचा पत्रासुद्धा नव्हता.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होते, तिचा अर्थ मला त्या फळीपुढं उभं राहून कळला. जे आम्हाला सुचवलं त्यातलं या बाईनं काहीच वापरलेलं नव्हतं. मांजर तर तिनं जन्मात पाळलं नव्हतं. नवऱ्यानं पुण्यात ऐकलेलं ती नळावर ओतत होती आणि चुका आम्ही करत होतो. मी बाहेर येऊन तिळगूळ घेतला आणि गोड बोलले. त्या दिवसापासून मी वहिनींशी फारच गोड बोलायला लागले.

वैशाखात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी सतराची, अबोल, आईच्या मागे मागे वावरणारी. मला काकू म्हणायची. मुलाकडची माणसं पुण्याची, बोलण्यात तिखट. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की रुखवतात तांदळाच्या पापडांची चळत हवी, पांढरीशुभ्र, आमच्याकडे पद्धत आहे. रुखवत म्हणजे मुलीच्या हातचं म्हणूनच मांडतात. मग ते आईनं केलेलं असो की अर्ध्या आळीनं. वहिनींनी तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, सावलीत वाळवले, दळून आणले. सगळं रीतसर. पण या गडबडीत मोठ्या पितळी पातेल्याची कल्हई उडालीय हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. कल्हईवाला चाकणच्या बाजाराकडे गेलेला, कधी येईल त्याचा नेम नाही. लग्नाला चार दिवस उरले होते. पीठ वाया गेलं तर नवं करायलाच चार दिवस लागतात.

नळावर वहिनी कल्हईवाल्याला शिव्या घालत होत्या. मी कळशी भरत होते. माझा आवाज अगदी सरळ निघाला.

"वहिनी, माझं जर्मनचं पातेलं आहे ना, चांगलं वीस माणसांच्या भाताचं. कल्हईची कटकटच नाही त्याला. तुम्हीच तर सांगितलं होतंत."

वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं. सगळ्या बायका ऐकत होत्या. गेली तीन वर्षं त्यांनी याच नळावर जर्मनची तारीफ केली होती, आता नको कशी म्हणणार?

"दे पाठवून," त्या म्हणाल्या.

"डोळे मिटून वापरा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळीतल्या सगळ्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन अंगणात जमल्या. तीन दगडांच्या चुलीवर माझं पातेलं चढलं होतं. मी मुद्दाम राखेनं घासून आरशासारखं लख्ख करून पाठवलं होतं. वहिनींनी पाण्यात मीठ घातलं, जिरं घातलं आणि पापडखाराची वाटी उचलली. तेवढ्यात दुधाची म्हातारी रिकामी चरवी घेऊन परत चालली होती, ती थांबली.

"वैनी, जर्मनमदी खार घालताय व्हय?" ती म्हणाली. "काळं पडंल पीठ. पितळंचं घ्या."

वहिनी हसल्या. "तुमच्या गावात पडत असेल हो. आता नवीन भांडी आलीत. तुम्ही दूध घाला, पापडांचं आम्ही बघतो."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. भांडं कोणाचं हे तिला माहीत होतं. मी मान खाली घालून पोळपाट पुसायला लागले. "मला काय करायचंय," असं म्हणून ती गेली. वहिनींनी वाटी पातेल्यात उपडी केली. इतका गोड आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, हे मी खोटं सांगत नाही.

पाणी काळवंडलं. पीठ पडलं, उकड झाली, झाकण निघालं. उकड ओल्या राखेसारखी दिसत होती. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मी वाट पाहत होते. आता ही बाई म्हणेल, चुकलं. एवढंच म्हटलं असतं तर राहिलेल्या निम्म्या पिठाची उकड नव्यानं करता आली असती, घराघरांतली लहान पितळी पातेली गोळा करून. पण तिला चुकलं म्हणता येत नव्हतं. जीभच वळत नव्हती तिची.

"उन्हात पांढरे होतात," वहिनी म्हणाल्या. "ओले असताना असेच दिसतात. लाटा तुम्ही."

उरलेलं पीठही त्यांनी त्याच पातेल्यात उकडवलं. आम्ही दुपारपर्यंत लाटत बसलो. मी सगळ्यांत पातळ आणि गोल लाटले. संध्याकाळी बाजांवरच्या धोतरांवर वाळलेले पापड पाहिले तर सारे पाटीच्या रंगाचे. वहिनी एकेक पापड उलटून बघत होत्या, जणू दुसरी बाजू पांढरी निघेल. मुलगी शेजारी उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मी तेव्हा आईकडेच बघत होते. घरी येऊन मी दोन घास जास्त जेवले.

मला वाटलं होतं काम झालं. पण दुसऱ्या दिवशी नळावर वहिनींनी जाहीर केलं की गिरणीवाल्यानं आधीच्या बाजरीवर दळून दिलं, म्हणून पीठ बिघडलं. बायकांनी माना डोलावल्या. मला घेरीच यायची बाकी होती. म्हणजे हिला इथं बोलून उपयोग नाही. पुण्याची माणसं यायला हवीत.

लग्नाच्या दिवशी मांडवात रुखवत मांडलं. करंज्या, लाडू, चकल्या, विणलेले रुमाल. पापडांची टोपली वहिनींनी मागं सरकवून फडक्यानं झाकून ठेवली होती. मुलाची आत्या, नाकात मोठी नथ घातलेली, सगळं निरखत आली आणि म्हणाली, "आणि पापड हो? पापड सांगितले होते आम्ही."

मी टोपलीच्या जवळ उभी होते. मी वाकले आणि फडकं काढलं.

आत्यानं एक पापड दोन बोटांत धरून वर उचलला. उजेडात धरून बघितला. मागच्या बायका पुढे सरकल्या. मी वहिनींच्या तोंडाकडे पाहत होते. आठ महिने मी ज्याची वाट पाहिली ते आता त्या तोंडावर दिसणार होतं.

वहिनी छान हसल्या. म्हणाल्या, "पोरीनं हट्टच धरला हो, मीच करणार म्हणून. मी म्हटलं करू दे, शिकेल. आता काय, तुमच्याच हाती सोपवतेय, तुम्ही शिकवा."

सगळ्या हसल्या. आत्या म्हणाली, "शिकवावं लागणारच दिसतंय." मुंडावळ्या बांधलेली मुलगी पाटावर बसली होती. तिनं आईकडे पाहिलं, मग मान खाली घातली. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि दोर मी वळून दिला होता. मी चार पावलांवर होते. पातेलं माझं, खार घातला हिच्या आईनं, ही पोर तर तिथं नुसती उभी होती, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी ते बोलले नाही. फडक्याची घडी घातली आणि ती टोपलीत ठेवली.

पुढच्याच आठवड्यात एक नवीन बिऱ्हाड आलं. त्या बाईच्या कुत्र्याला खरूज झाली होती. ती नळावर वहिनींना विचारत होती आणि वहिनी सांगत होत्या. मी तिला गाठून म्हटलं, त्या सांगतील ते लावू नकोस. ती माझ्याकडे संशयानं बघून निघून गेली.

दिवाळीला मुलगी माहेरी आली. वाळली होती. नळावर आम्ही दोघीच होतो. कशी आहेस विचारलं तर म्हणाली, बरी आहे. मग कळशी नळाखाली सरकवून म्हणाली, "सैपाकाला हात लावू देत नाहीत काकू. पाहुणे आले की आत्याबाई सांगतात, हिनं काळे पापड आणले होते. मी भांडी घासते आणि पाणी भरते. आईला विचारलं, तर ती म्हणते पीठ खराब होतं."

मला ते सोसवलं नाही. मी सांगून टाकलं. पीठ चांगलं होतं, भांडं माझं होतं, जर्मनमध्ये खार काळा पडतो हे मला आधीपासून ठाऊक होतं. मांजराचंही सांगितलं. माझा आवाज चढत गेला, कारण तिच्या आईबद्दल बोलताना मला पुन्हा रागच आला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. थोडा विचार करून म्हणाली, "काकू, हे तुम्ही सासूबाईंना पत्रात लिहाल? एवढंच, की मी केले नव्हते. तुमचं ऐकतील. मी पत्ता देते."

पत्र लिहायचं म्हणजे सगळं बाहेर येणार होतं. साहेबांच्या मुलीच्या लग्नात साहेबांच्या हाताखालच्या माणसाच्या बायकोनं जाणूनबुजून हे केलं. यांची नोकरी माझ्या डोळ्यांपुढं आली. तीही आली आणि दुसरंही एक मनात आलं, ते आज कबूल करते. पत्र गेलं तर वहिनींना नळावर उभं राहून सांगता आलं असतं, की बघा, चूक माझी नव्हती, या बाईनं कपट केलं. ते मला चालणार नव्हतं.

"बघते," मी म्हणाले.

तिनं पत्ता लिहिलेला कागद संध्याकाळी आणून दिला. मी तो डब्यात ठेवला. भाऊबीज होऊन ती सासरी गेली. मी पत्र लिहिलं नाही.

त्यानंतर ती बाळंतपणाला आली, सणावारांना आली. माझ्या दारावरून जाताना ती पुढं बघून जायची. आईच्या घरात मात्र तिचं हसणं ऐकू यायचं. आईनं तिला भर मांडवात विकलं होतं, पण तिनं आईला माफ केलं आणि मला केलं नाही. यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. वहिनींवरचा राग माझा अजून गेलेला नाही, आणि तिनं पुन्हा मला काकू म्हटलं नाही.